सँटोरिनी बेटावरची वाइनरी सहल, रात्रीच्या जेवणासह: छोट्या गटातून जावे का?

रंकाळाकाठ (कोल्हापूर):

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत आहेत आणि त्या निमित्ताने मी आणि पत्नी ग्रीसला जात आहोत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमानाने अथेन्स आणि पुढे पिरेअस बंदरातून बोटीने सँटोरिनी असा बेत ठरला असून बेटावर आमच्या चार रात्री आहेत. त्यांपैकी एक संध्याकाळ तिथल्या वाइनरी पाहण्यासाठी राखून ठेवावी, असे आम्हा दोघांच्याही मनात आहे.

शोध घेतल्यावर दोन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे आठ-दहा जणांच्या छोट्या गटातून जाण्याचा. त्यात व्हॅनने नेणे-आणणे, तीन वाइनरी, सूर्यास्त आणि शेवटी रात्रीचे जेवण असे सगळे धरून माणशी दीडशे युरोंच्या आसपास खर्च येतो. दुसरा म्हणजे गाडी भाड्याने घेऊन आपल्या सवडीने दोन वाइनरी पाहायच्या आणि जेवायला आपल्याला आवडेल तिथे बसायचे.

माझी अडचण पैशांची तितकीशी नाही. मी नाशिकला दोनदा वाइनरी पाहिल्या आहेत, त्यामुळे वाइन चाखण्याचा प्रकार अगदीच अनोळखी नाही. पण पत्नी वाइन घेत नाही, फार तर एखादा घोट चाखेल, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला काय वाढले यावरून घराची पारख होते, आणि मीही प्रवासाची पारख जेवणावरूनच करतो. सहलीच्या दरात धरलेले जेवण म्हणजे पन्नास माणसांसाठी एकदम रांधून ठेवलेले काहीतरी असेल आणि त्या दिवशी पत्नीच्या ताटात नुसती काकडी-टोमॅटोची कोशिंबीर येईल, ही धास्ती मला वाटते. ज्यांनी अशी सहल केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पन्हाळ्याची_वाट:

आम्ही चौघे दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्येच अशा सहलीला गेलो होतो, म्हणून अनुभवाने लिहितो.

पहिली गोष्ट, गाडी भाड्याने घेऊन वाइनरी फिरण्याचा विचार सोडून द्यावा. प्रत्येक वाइनरीत साधारण चार प्रकारच्या वाइन चाखायला देतात आणि एका वेळचे माप ५० मिलिलिटर धरले, तरी तीन वाइनरींत मिळून ६०० मिलिलिटर होतात. म्हणजे ७५० मिलिलिटरची बाटली जवळजवळ संपते. ग्रीसमध्ये वाहनचालकाच्या रक्तात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून अधिक मद्यार्क चालत नाही. रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, त्यांवर पर्यटकांच्या चारचाकी बाइक सुसाट जात असतात, आणि अंधार पडल्यावर अनोळखी उतारावर गाडी चालवण्याचा ताण वेगळाच असतो. टॅक्सी बेटावर मोजक्याच असल्यामुळे ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

आमच्या गटात दहा जण होते. गावाच्या गल्ल्यांत व्हॅन शिरत नाही, म्हणून मुक्कामाजवळच्या बस थांब्यावर दुपारी साडेतीनला आम्हाला घेतले. पहिली वाइनरी मेगालोहोरी गावात होती. तिथे वाइन चाखण्याआधी आमच्या वाटाड्या बाई आम्हाला थेट मळ्यात घेऊन गेल्या, आणि खरे सांगतो, समोर द्राक्षाचा मळा आहे हे प्रथम माझ्या लक्षातच आले नाही. राखाडी, भुसभुशीत जमिनीवर हिरवी झुडपे विखुरल्यासारखी दिसत होती. बाई खाली बसल्या, त्यांनी एका झुडपाची पाने दोन्ही हातांनी बाजूला केली, तेव्हा आत कोंबडी अंड्यांवर बसते तशा खोलगट टोपलीत तोडणीतून राहून गेलेला पिवळसर द्राक्षांचा एक घड दिसला. वेलीच्या काड्याच वर्षानुवर्षे गोल गुंडाळत नेऊन ही टोपली तयार करतात आणि तिला कुलूरा म्हणतात. बेटावरचा वारा एवढा जोराचा असतो की वेल वर चढवली, तर फुलोरा टिकत नाही आणि उडणाऱ्या वाळूने घड खरचटतात. बाईंनी जमिनीतून उचलून दिलेला दगड हातात घेतला, तेव्हा तो पोकळ लाकडासारखा हलका लागला. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा जो महास्फोट झाला, त्यातून पडलेली ही राख आणि प्युमिस.

वाइनरीचे जुने तळघर त्याच राखेच्या थरात कोरलेले आहे. अशा तळघराला तिथे कानावा म्हणतात. बाहेर ऊन रणरणत असताना आत पाऊल टाकताच आपल्या जुन्या वाड्यातल्या बळदात शिरल्यासारखा गारवा जाणवतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे जेवणाकडे येतो. असिर्तिको ही तिथली मुख्य पांढरी द्राक्षे आणि त्यांची कोरडी वाइन अतिशय आंबट, किंचित खारट वाटावी अशी असते. पहिल्या वाइनरीत ती नुसती चाखली, तेव्हा मला ती लिंबासारखी लागली आणि फारशी आवडली नाही. तीच वाइन रात्री जेवताना पुन्हा प्याल्यात आली. पिर्गोस गावाखालच्या एका घरगुती खाणावळीत आम्ही बसलो होतो आणि समोर फावा होता, म्हणजे तिथल्या पिवळ्या डाळीचा घोटून केलेला घट्ट गोळा, वर ऑलिव्ह तेल, चिरलेला कांदा आणि केपरच्या आंबट कळ्या. सोबत टोमॅटोची गरम भजी होती, ज्यांना तिथे तोमातोकेफ्तेदेस म्हणतात. बेटावरचे बोराएवढे टोमॅटो पावसावर आणि दवावर वाढतात, त्यामुळे त्यांत पाणी कमी आणि गोडी जास्त असते. भज्याचा एक घास आणि त्यावर वाइनचा एक घोट घेतल्यावर दुपारचा तो आंबटपणा जागच्या जागी बसला. तांबड्या रश्श्यावर लिंबू पिळल्यावर जे होते, तेच इथे झाले. त्या बेटाची वाइन त्या बेटाच्या जेवणाबरोबरच कळते, असे माझे ठाम मत तेव्हा झाले, आणि म्हणूनच जेवणाविना अर्ध्या दिवसाची सहल घेण्यापेक्षा जेवणासह घ्यावी, असे मी सांगेन.

साठमारी_चौक:

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण जेवणासह या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे मला माझ्या अनुभवावरून आवर्जून सांगायचे आहे. आम्ही ज्या आयोजकाकडे नोंदणी केली, त्याच्या पानावर छोटा गट आणि रात्रीचे जेवण असे ठळक लिहिले होते. प्रत्यक्षात दोन व्हॅन एकत्र आल्या आणि आम्ही एकोणीस जण झालो. तिसऱ्या वाइनरीत सूर्यास्ताच्या वेळी चीजच्या चकत्या, ऑलिव्ह, थोडा सुका पाव आणि मांसाचे पातळ काप असलेली एक फळी चौघांत मिळून समोर ठेवण्यात आली आणि तेच आमचे जेवण होते. माझे सासरे मधुमेहाचे औषध घेतात. वेळेवर पोटभर अन्न मिळालेच नाही, तेव्हा रात्री साडेनऊला मुक्कामी परतून त्यांच्यासाठी बिस्किटे शोधत फिरावे लागले. तक्रार केल्यावर उत्तर आले की वर्णनात हलके जेवण असा उल्लेख होता, आणि खरोखरच तो पानाच्या तळाशी होता.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील आणि तेवढीच एका गाडीत असतील का, जेवण वाइनरीतच आहे की वेगळ्या खाणावळीत, ते टेबलावर बसून आणि बेतानुसार वाढलेले आहे की फळीवर मांडलेले, जेवणाबरोबरची वाइन दरात धरलेली आहे का, आणि वाइन न घेणाऱ्या माणसाला दर कमी पडतो का, एवढे विचारले तरी पुरे. जो आयोजक पदार्थांची नावे लिहून पाठवतो, त्याचे जेवण बहुधा खरे असते. जो नुसते पारंपरिक ग्रीक भोजन एवढेच कळवतो, त्याला मी पुन्हा विचारेन.

वेळेचाही विचार करावा. जूनअखेरीस तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे जेवायला दहा वाजतात. आपण जाल त्या दिवसांत सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होईल आणि साडेआठपर्यंत ताट समोर येईल. दुपारी मात्र नीट जेवून निघावे.

रंकाळाकाठ (कोल्हापूर):

दोघांचेही मनापासून आभार. फळीवरचे जेवण ही कल्पनाच मला नव्हती. फाव्याविषयी वाचून पत्नीला हुरूप आला आहे. ही डाळ नेमकी कसली, आणि ग्रीक खाणावळीत शाकाहारी म्हणजे काय हे नेमक्या कोणत्या शब्दांत सांगावे, हे कोणी सांगेल का? दुसरे असे की वहिनींपैकी किंवा ताईंपैकी कोणी वाइन न घेता अशा सहलीला गेल्या असतील, तर त्यांना चार तास कंटाळा आला का, हेही समजून घ्यायला आवडेल.

अंबाई_टँक:

मी वाइन घेत नाही आणि शाकाहारी आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी देऊ शकते.

फाव्याची डाळ आपल्याकडच्या लाखोळीच्या कुळातली आहे, जात मात्र वेगळी. नावावरून काहींना ती वाल किंवा घेवड्याची वाटते, पण दिसायला ती शिजवलेल्या तुरीच्या घट्ट वरणासारखी असते आणि चवीला त्याहून गोडसर. मी पहिला घास घेतला, तेव्हा फोडणीविना वरण खाल्ल्यासारखे वाटले, आणि केपर व कांदा तोंडात आल्यावर मात्र मी माझी ताटली संपवून यजमानांच्या ताटलीकडे वळले.

सांगण्याच्या शब्दांबाबत एक सावधगिरी बाळगावी. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास वर्षातून पुष्कळ दिवस असतात आणि उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना ते निस्तीसिमा म्हणतात. त्यात मांस, मासे, दूध आणि अंडी नसतात, म्हणून हा शब्द खाणावळीत फार उपयोगी पडतो. पण त्यांच्या उपवासाला कालवे, कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात! त्यामुळे नुसता निस्तीसिमा हा शब्द वापरून थांबू नये; मांस नको, मासे नकोत, समुद्रातले काहीही नको आणि अंडे नको, असे चारही वेगवेगळे सांगावे. आम्ही हे ग्रीकमध्ये एका कागदावर लिहून घेतले होते आणि खाणावळीच्या मालकीणबाईंनी तो कागद थेट स्वयंपाकघरात नेला. टोमॅटोच्या भज्यांत काही ठिकाणी अंडे घालतात, तेव्हा ते विचारावेच. फेटा चीज पारंपरिक पद्धतीने कोकराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी चीजही टाळावे. बेटावरची पांढरी वांगी चुकवू नका, त्यांना कडवटपणा नसतो आणि भाजल्यावर ती लोण्यासारखी होतात.

कंटाळ्याबद्दल म्हणाल, तर मला तो आला नाही, कारण मळा, तळघर, जुने लाकडी दाबयंत्र आणि सूर्यास्त यांत माझे मन रमले. दुसऱ्या वाइनरीत मात्र सगळे जण पाऊण तास टेबलाशी बसून प्याले फिरवत होते, तेव्हा मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वहिनींना एखादा घोट घेऊन पाहायचा असेल, तर टेबलावर पिकदाणीसारखे भांडे ठेवलेले असते. चव घेऊन त्यात टाकली, तर कोणी वावगे मानत नाही. वाइन घेत नाही, हे आयोजकाला आधी कळवले, तर द्राक्षाचा रस किंवा दुसरे काही पेय देतात. आम्हाला दिले होते.

तासगावचा_मळेकरी:

मी मूळचा तासगाव तालुक्यातला, सध्या मुलाकडे कोल्हापुरात असतो. घरची द्राक्षबाग तीस वर्षे सांभाळली, म्हणून या सहलीकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहिले. जेवणाविषयी इतरांनी लिहिलेच आहे. मी मळ्याविषयी लिहितो, कारण ते पाहिल्याशिवाय त्या वाइनची किंमत कळत नाही.

आपल्याकडे मांडवावर किंवा वाय पद्धतीवर बाग उभी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, ठिबकमधून पाणी आणि खत, आणि पावसाळी ढग दिसला की फवारणीची धावपळ. बागेत एकरी दहा-बारा टन माल निघाला नाही, तर हिशेब बसत नाही. सँटोरिनीत वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरहूनही कमी आणि तोही हिवाळ्यात पडतो; उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. रात्री समुद्रावरून दमट हवा आणि धुके येते, ते ही प्युमिसची जमीन स्पंजासारखे धरून ठेवते, आणि जुन्या वेली बहुतांशी त्यावरच जगतात. एकरी टनभराच्या आसपास माल निघतो. हा आकडा ऐकून मी वाटाड्याला दोनदा विचारले.

त्याहून मोठी गोष्ट मुळांची आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या द्राक्षवेलींची मुळे खाल्ली आणि तेव्हापासून तिथे अमेरिकी खुंटावर कलम करूनच बाग लावावी लागते. आपणही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, पण आपले कारण क्षार आणि पाण्याचा ताण हे आहे. सँटोरिनीच्या राखेत चिकणमाती जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती कीड तिथे तग धरू शकली नाही आणि वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. टोपली साठ-सत्तर वर्षांनी निबर झाली की ती जमिनीलगत तोडतात आणि त्याच मुळातून नवा फुटवा धरतात. मी जी वेल पाहिली, तिचे खोड हाताच्या पंजात मावत नव्हते आणि उंची माझ्या गुडघ्याएवढीही नव्हती. मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिलो.

आपण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाल, तेव्हा तोडणी उरकलेली असेल, कारण ती ऑगस्टमध्येच सुरू होते. पण विन्सान्तो या गोड वाइनसाठी राखलेली द्राक्षे उशिरा तोडून दहा-चौदा दिवस उन्हात पसरतात, तेव्हा योग असेल तर ती वाळवण आपल्याला दिसेल. आपण बेदाणा शेडमध्ये, सावलीत, जाळीवर आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून करतो. ते उघड्या उन्हात काहीही न लावता वाळवतात आणि मग त्या सुरकुतलेल्या मण्यांचा रस काढतात. त्यात निम्म्याहून अधिक असिर्तिको असावी लागते आणि ती वाइन ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे मुरते. रंग काकवीसारखा आणि वास थेट आमच्या बेदाण्याच्या शेडचा. तो वास आला, तेव्हा मला घर आठवले. वाइन चाखण्याचा क्रम कोरड्या असिर्तिकोपासून सुरू होऊन, रात्री द्राक्षे चेचून करायची परंपरा असलेली निक्तेरी, मग मावरोत्रागानोची लाल वाइन आणि शेवटी विन्सान्तो असा असतो. तेव्हा शेवटच्या प्याल्यासाठी जीभ ताजी ठेवावी, आधीचे प्याले अर्धे सोडले तरी चालतील.

शक्य असेल तर तीन वाइनरींपैकी एक लहान, घराण्याची असलेली निवडावी. पिर्गोसजवळची सँटो वाइन्स ही तिथल्या शेतकऱ्यांच्या १९४७ साली स्थापन झालेल्या सहकारी संघाची आहे. गोकुळच्या जिल्ह्यातल्या माणसाला सहकाराचे ते रूप पाहायला आवडेल आणि कड्यावरून दिसणारा सूर्यास्तही सुंदर आहे, पण गर्दी फार असते. बांधकामे आणि हॉटेले वाढून मळ्यांची जमीन वर्षागणिक कमी होत आहे. ज्यांची बाग अजून चालू आहे, त्यांच्या हातून एक प्याला घ्यावा, एवढेच मागणे.

पन्हाळ्याची_वाट:

काकांनी मळ्याबद्दल लिहिलेले वाचून मला पुन्हा जावेसे वाटू लागले आहे. व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या, त्या सांगतो. बेटावर उतराल त्याच संध्याकाळची सहल ठरवू नका. वारा सुटला की बोटींना उशीर होतो, कधी त्या रद्दही होतात, म्हणून दुसरी किंवा तिसरी संध्याकाळ धरावी. २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे भूकंपांची मालिका झाली आणि हजारो रहिवाशांनी काही काळ बेट सोडले होते. पुढे परिस्थिती निवळली, तरी नोंदणी रद्द केल्यास पैसे परत मिळतील, असाच पर्याय निवडावा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. तो काढताना प्रवास रद्द झाल्याची भरपाई त्यात आहे का, तेही पाहावे.

बाटल्या आणायच्या असतील, तर माणशी दोन लिटरपर्यंत मद्य भारतात शुल्काविना आणता येते. कोरड्या वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि विन्सान्तोची ५०० मिलिलिटरची एक असे बरोबर दोन लिटर होतात. त्या चेक-इनच्या बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात.

रंकाळाकाठ (कोल्हापूर):

सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. काल रात्री तीन आयोजकांना साठमारी चौक यांनी सुचवलेले प्रश्न जसेच्या तसे पाठवले. एकाचे उत्तर आलेले नाही. दुसऱ्याने जेवण फळीवरचे असल्याचे प्रामाणिकपणे कळवले. तिसऱ्याने गट आठ जणांचा, गाडी एकच, जेवण एका गावातल्या खाणावळीत आणि बेतात फावा, अंडे न घातलेली टोमॅटोची भजी, भाजलेले पांढरे वांगे आणि भात भरलेली द्राक्षाची पाने असे लिहून पाठवले, शिवाय पत्नीसाठी दर कमी करून दिला. तिसऱ्या संध्याकाळची नोंदणी आज सकाळी केली आहे. तीनपैकी एक वाइनरी घराण्याची आहे आणि तिथे वाळवण अंगणातच घालतात, असेही त्यांनी कळवले आहे. तासगावच्या काकांसाठी त्याचा फोटो इथे नक्की टाकीन. अंबाई टँक ताई, तुमच्याकडचा तो ग्रीकमध्ये लिहिलेला कागद अजून असेल, तर कृपया त्याचा फोटो पाठवावा.